तहकूब सभा

कल्याणीनं तिसऱ्यांदा तीच नोंद भरली आणि संगणकानं तिसऱ्यांदा ती परत केली. पडद्यावर लाल अक्षरांत तोच निरोप आला: घटनेची तारीख संस्थेच्या अंतिम तारखेनंतरची आहे. तिनं खुर्ची मागं सरकवली आणि पलीकडच्या टेबलावर डबा उघडून बसलेल्या अभयला हाक मारली.

अभय पोळीचा घास हातात धरूनच आला. तारखेची ही अट त्यानंच लिहिली होती आणि तिच्यावर त्याचा फार जीव होता.

"बरोबरच सांगतोय तो," अभय म्हणाला. "संस्था चौसष्ट साली बंद झाली. ही सभा एकोणनव्वदची. मेलेल्या माणसाचं लग्न लावता येत नाही."

एवढं बोलून तो डब्याकडे परत गेला. कोथरूडच्या लोकांना आपलं म्हणणं पटवून देण्याची गरज वाटत नाही, ते फक्त सांगून मोकळे होतात, हे अकोल्याहून येऊन पुण्यात आठ वर्षं काढलेल्या कल्याणीला आता पाठ झालं होतं.

खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर दाताचा दवाखाना, अशा बेचक्यात त्यांची छोटी कंपनी होती. दोन हजार चारचा फेब्रुवारी चालू होता. अमेरिकेची मोठी कामं हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत जात आणि उरलंसुरलं इकडे येई. हे काम नॉर्वेचं होतं. तिथल्या डोंगरांत उल्वडाल नावाचं एक खोरं आहे आणि त्या खोऱ्याची पूर्वी स्वतःची, आपल्या ग्रामपंचायतीसारखी, एक पालिका होती. शेजारची मोठी पालिका नदीवर पूल बांधून देईना, म्हणून खोऱ्यातले शेतकरी शंभरेक वर्षांपूर्वी भांडून वेगळे झाले. त्यांनी आपला पूल आपण बांधला, शाळा बांधली, लाकडं कापायची गिरणी घातली. मग सरकारनं लहान पालिका मोठ्यांत मिसळून टाकल्या आणि चौसष्ट साली ही मंडळी निमूटपणे त्याच शेजाऱ्याच्या घरात पुन्हा नांदायला गेली. त्याला चाळीस वर्षं झाली म्हणून आपला सगळा इतिहास संकेतस्थळावर मांडायचं खोऱ्यानं ठरवलं होतं. मजकूर इंग्रजीत करून पाठवणाऱ्या बाई तिथल्याच एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचं नाव इंगेबोर्ग.

कल्याणीनं बाईंना अदबीनं विचारलं, की पालिका चौसष्ट साली संपली, तर त्यानंतरच्या सभांच्या तारखा चुकून पडल्या आहेत का?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तारखा बरोबर होत्या. बाईंनी लिहिलं होतं, की शेवटच्या सभेत अध्यक्षांनी शेवटचा विषय वाचला, पण सभा संपल्याचा हातोडा काही आपटला नाही. कोट चढवला, टोपी घातली आणि घरी निघून गेले. सभा संपली असं कोणी म्हणालंच नाही, म्हणून ती अजून चालू आहे. दरवर्षी डिसेंबरच्या शेवटी खोऱ्यातली माणसं जुन्या सभागृहात जमतात आणि मागच्या वर्षी जिथं थांबली तिथून पुढं सुरू करतात. सभागृहातल्या खुर्च्या नव्या पालिकेनं रीतसर आपल्या कचेरीत नेल्या, तेव्हापासून प्रत्येक घर आपापली खुर्ची घेऊन येतं. कायद्यानं त्या सभेला काडीची किंमत नाही. तरी पुलाचे कठडे दोनदा बदलले ते तिनंच.

सोबत फोटो होता. गुडघाभर बर्फ आणि त्यातून खुर्च्या घेऊन चाललेली माणसं. कोणी स्वयंपाकघरातलं स्टूल काखेत मारलेलं, एका म्हाताऱ्यानं तर चक्क आरामखुर्ची घसरगाडीवर बांधून ओढत आणलेली.

कल्याणी त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं उल्वडालच्या पानावरची अंतिम तारीख खोडली आणि ती जागा रिकामी ठेवली. नोंद पहिल्या फटक्यात जमा झाली.

"तारीख रिकामी म्हणजे संस्था चालू असा अर्थ होतो," अभयनं मागून बजावलं.

"चालूच आहे," कल्याणी म्हणाली.

संध्याकाळी स्कूटीवरून घरी जाताना तिच्या डोक्यातून ती आरामखुर्ची जाईना. त्याला कारण होतं. तिचं सासर उंबरखोरे, आणि तिचे सासरे तात्याराव हे उंबरखोऱ्याचे शेवटचे सरपंच.

पुण्याच्या नैर्ऋत्येला, तिन्ही बाजूंनी टेकड्या आणि मधून ओढा, असं हे गाव. सत्त्याण्णव साली ते शहरात जाणार अशी कुणकुण लागली, तेव्हा तात्यारावांनी हरकत घ्यायला ग्रामसभा बोलावली होती. उंबरखोऱ्याच्या सभेची एक रीत होती. जो सतरंजीवर बसला तो सभेत. भोवती उभा राहील त्याला बघ्या म्हणायचं आणि मोजायचं नाही. ही रीत कोणी घातली ते कोणाला ठाऊक नव्हतं, पण ती सगळे पाळत. त्या दिवशी माणसं शेकड्यानं आली. पाराला टेकून उभी राहिली, पानाच्या टपरीपाशी उभी राहिली, फटफटीला पाय लावून उभी राहिली. शहरात गेलो तर जमिनीला भाव येईल, आणि तात्यांना तोंडावर नाही कसं म्हणायचं, अशा कात्रीत सापडलेल्या गावानं ही युक्ती काढली होती. ताकाला जायचं आणि भांडंही लपवायचं. खाली बसली ती थोडीच, आणि त्यांतही निम्मी ओढ्याकाठच्या बौद्ध वस्तीतली. कोरम शंभराचा होता. पंचायतीचा शिपाई ज्ञानदेव यानं दोनदा मोजलं, पण शंभर काही भरेनात. तात्याराव उठले, सभा तहकूब झाल्याचं सांगितलं आणि घरी आले.

तहकूब म्हणजे पुढं ढकललेली. अशी सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागत नाही, पाच माणसांतही ठराव होतो. ज्ञानदेवनं तसं सुचवलंही. पण पाच माणसांच्या जोरावर गावाचं नाव घेणार नाही, असं तात्यारावांनी सांगितलं आणि सभा पुन्हा भरलीच नाही. पावसाळा संपता संपता गाव शहरात गेलं. महापालिकेनं पंचायतीचं टेबल, कपाट, पाण्याचे ग्लास आणि सतरंज्या टेम्पोत घालून नेल्या. कचेरीची आरोग्य कोठी झाली. पहाटे झाडलोट करणारे तिथं हजेरी लावू लागले. गावाला भाव आला, तिमजली घरं आली, ओढ्यापलीकडे अकरा मजल्यांची सोसायटी आली. आणि तात्यारावांना नाव पडलं, तहकूब तात्या. ते पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघालं हेही गावाला माहीत होतं. शंभूच्या. तोच शंभू, जो सभेच्या दिवशी नव्या फटफटीला टेकून सुपारी कातरत उभा होता.

कल्याणी योगेशशी लग्न करून या घरात आली ती दोन हजार साली. तिनं पाहिले ते तात्याराव कोणाच्या लग्नाला गेले तरी मांडवात मागच्या रांगेत बसणारे, चारचौघांत विचारल्याशिवाय तोंड न उघडणारे. नवऱ्याला तिनं एकदा विचारलं, तेव्हा योगेशनं मान खाली घालून सगळं सांगितलं होतं. त्या दिवशी तोही मित्रांबरोबर टपरीपाशी उभा होता, हे मात्र सासूबाईंकडून कळलं.

जेवताना तिनं उल्वडालची गोष्ट सांगितली. हातोडा, कोट, बर्फ आणि खुर्च्या. योगेश हसला. सासूबाई मथुराबाईंनी, एवढ्या थंडीत माणसं खातात काय, अशी चौकशी केली. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तात्याराव तसेच बसले आणि तो तुकडा आमटीत विरून गेला.

दुसऱ्या दिवशी ते अंगणात तिची वाट बघत होते.

"सूनबाई, त्या खुर्च्या नेल्या म्हणतीस, त्या सगळ्या नेल्या का?"

"सगळ्या, मामा."

"ट्रकनं?"

"तसंच असेल."

"हां," म्हणून ते आत गेले.

त्यानंतर रोज काही ना काही प्रश्न निघू लागला. पूल लाकडाचा की दगडाचा? भांडण झालं तेव्हा पुढाकार कोणी घेतला? घराघरांतून किती जण येतात, बायका येतात का, परगावाहून आलेल्या माणसाला बसू देतात का? सोयरीक जमवायला निघालेल्या माणसासारखी ही चौकशी चालली होती. कल्याणीला जे ठाऊक नसे ते ती इंगेबोर्गबाईंना विचारी, आणि बाईंनाही आता या पुण्याच्या म्हाताऱ्याची सवय झाली होती. एकदा त्यांनीच उलट विचारलं, तुमच्या सासऱ्यांच्या गावाची सभा संपली की नाही? कल्याणीनं ते मराठी करून सांगितलं. तात्यारावांनी समोरच्या टेकडीकडे पाहिलं.

"संपली न्हाई," ते म्हणाले. "तहकूब हाय."

त्या सभेपुढं दोन विषय होते. पहिला हरकतीचा. दुसरा कोणाच्या ध्यानातही राहिला नव्हता: पावसाळ्यापूर्वी ओढा साफ करणेबाबत. सात वर्षांत त्या ओढ्यात उंबरखोऱ्यानं जे जे नको ते सगळं लोटलं होतं. पाडलेल्या घरांची माती, जुने पत्रे, गणपतीनंतरचं थर्माकोल, आणि नव्या बांधकामांचा राडारोडा. पलीकडच्या सोसायटीची भिंत तर पार पात्रात उतरली होती. मागच्या पावसाळ्यात ओढ्यानं वाट सोडली आणि पाणी वस्तीतल्या चुलींपर्यंत, सोसायटीच्या तळघरातल्या गाड्यांपर्यंत आलं. आपण केलेली घाण आपल्याच दारात परत आली होती, पण तसं म्हणायला कोणी तयार नव्हतं. अर्ज केलाय, येतील कधीतरी, एवढ्यावर गाव थांबलं होतं.

एप्रिल लागला आणि तात्यारावांनी सांगितलं, की एक मे रोजी, महाराष्ट्र दिनाच्या संध्याकाळी, तहकूब ग्रामसभा पाराखाली भरेल. सूनबाईनं एक कागद छापून आणावा. विषय तेच दोन. खाली एक ओळ घालावी: येताना आपापलं बसायचं घेऊन यावं.

योगेश भडकला. ग्रामपंचायत नाही, सरपंच नाही, तर ग्रामसभा कसली? आणि एकदा झालं तेवढं हसं पुरे नाही का? मथुराबाईंनी भांडी जोरात आपटली. ती कोणाच्या बाजूनं आपटली ते कळलं नाही. उल्वडाल या घरात कल्याणीनं आणलं होतं. पुन्हा माणसं उभीच राहिली तर तात्यारावांचं दुसऱ्यांदा हसं होईल, आणि त्याला ती जबाबदार असेल. तिनं सासऱ्यांना एवढंच म्हटलं, की तहकूब सभेला कोरम लागत नाही, तेव्हा दहा जण आले तरी चालेल.

"कायद्याला लागत न्हाई," तात्याराव म्हणाले. "मला लागतो."

झालं. म्हातारा शंभरावर अडून बसला.

ज्ञानदेव आता सत्तरीचा होता, पण कागद वाटायचं म्हटल्यावर त्यानं पेटीतून खाकी टोपी काढली. त्यानं जुन्या मतदारांच्या घरांचीच यादी केली होती. गावची सभा गावच्यांची, ही त्याची समजूत. कल्याणीला ते बोचलं. त्या हिशेबानं तीही गावची नव्हती. गाव गेल्यावर आलेली सून. तिनं उरलेले कागद उचलले आणि ओढा ओलांडून सोसायटीत गेली. तिथं नम्रता नावाची नागपूरची मुलगी राहायची, हिंजवडीला नोकरी करणारी, सोसायटीची चिटणीस. मागच्या पावसात तिची गाडी तळघरात बुडाली होती. नम्रतानं कागद दोनदा वाचला आणि विचारलं, आम्ही आलो तर चालेल का? कल्याणीनं चालेल असं सांगितलं. कोणाच्या अधिकारात सांगितलं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

एक मेला दुपारी चार वाजता पार रिकामा होता. तात्यारावांनी धुवट धोतर नेसलं, टोपी घातली, घरातली एकुलती एक सतरंजी काखेत घेतली आणि एकटेच चालत जाऊन पाराच्या उंबराखाली अंथरली. मग तिच्यावर जाऊन बसले. माईकची वायर ओढत कल्याणी एका बाजूला उभी राहिली. आपण पाहत आहोत हे त्यांना दिसू नये, असं तिला वाटत होतं.

आणि माणसं आली. सत्त्याण्णवला आली तशीच आली. पाराला टेकली, टपरीपाशी थांबली, आरोग्य कोठीच्या पायरीवर हाताची घडी घालून उभी राहिली. योगेश मित्रांबरोबर टपरीपाशीच होता. शंभूनं या वेळी चारचाकी आणली होती. तिच्या दाराला टेकून त्यानं सुपारीची पुडी काढली. कोणीतरी काहीतरी बोललं आणि चारपाच जण हसले. कल्याणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, वायर टाकावी आणि सासऱ्यांचा हात धरून त्यांना घरी न्यावं.

तेवढ्यात ओढ्याच्या बाजूनं बायका आल्या. पुढं वासंती होती, वस्तीतली पोस्टात नोकरी करणारी बाई. सत्त्याण्णवलाही ती बसली होती. प्रत्येकीच्या हातात काही ना काही होतं. गोधडी, चटई, पोतं, एकीजवळ तर देवघरासमोरचा पाट. वासंतीनं तात्यारावांसमोर चटई झटकली, अंथरली आणि बसली. तिच्यामागं सगळी वस्ती बसली. उभ्या असलेल्यांत चुळबूळ झाली. मथुराबाई आत्तापर्यंत देवळापाशी होत्या. त्या तिथून निघाल्या त्या सरळ टपरीपाशी गेल्या आणि घडी घातलेली गोधडी योगेशच्या छातीवर ठेवली. योगेशनं एकदा मित्रांकडे पाहिलं, मग गोधडी घेऊन आला, अंथरली आणि आईशेजारी मांडी घालून बसला. मित्रांना मग उभं राहायला कारणच उरलं नाही.

असं एकेक माणूस बसू लागलं. गावाचं घोडं एकदा पेंड खायला थांबलं की हलत नाही, पण हललं की आवरतही नाही. घराघरांतून पोरी पळत जाऊन बसकरं आणू लागल्या. आणि मग पलीकडून सोसायटी आली. प्लास्टिकच्या लाल खुर्च्या डोक्यावर उलट्या धरून माणसं ओढ्यावरच्या फरशीपुलावरून एकामागं एक चालत होती आणि सगळ्यांत पुढं नम्रता होती. कल्याणीला क्षणभर सगळीकडे बर्फ पडल्यासारखं वाटलं.

ज्ञानदेव तात्यारावांच्या कानाशी लागला, पण माईक चालू होता.

"तात्या, ही मंडळी यादीत न्हाईत. कवा आली, कुठनं आली, गावची म्हणायची का?"

लाल खुर्च्या डोक्यावरच थांबल्या. तात्यारावांनी त्या रांगेकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं.

"ओढ्याचं पाणी घरात शिरताना यादी बघून शिरतं का?" ते म्हणाले. "मोजणीत धर त्येंनला."

"आन् खुर्चीवर बसलेलं माणूस बसलेलं धरायचं का?"

"बूड टेकलं म्हंजी बसलं."

हशा पिकला, खुर्च्या खाली आल्या. ज्ञानदेवनं टोपी सारखी केली आणि मोजायला निघणार, तोच तात्यारावांनी त्याला थांबवलं. ते कल्याणीकडे बघत होते.

"सूनबाई, ती वायर ठेव खाली. बस. उभं माणूस धरत न्हाईत."

कल्याणीनं बसायला काहीच आणलं नव्हतं. आपण मोजले जाऊ, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. मथुराबाईंनी तिच्याकडे न बघता गोधडीवर थोडं सरकून जागा केली आणि ती जाऊन बसली. गोधडी उन्हानं ऊन झाली होती. इतकं बरं तिला या गावात कधी वाटलं नव्हतं.

ज्ञानदेव मोजू लागला. ज्याला मोजलं त्याच्या खांद्याला हात लावायचा, ही त्याची जुनी पद्धत. तो ओळीओळीनं फिरत होता, मोठ्यानं आकडा म्हणत होता, आणि नव्वदच्या पुढं गेल्यावर गाव त्याच्याबरोबर म्हणू लागलं. शंभरावा हात सोसायटीतल्या कोणा बंगाली आजोबांच्या खांद्यावर पडला. त्यांना काय झालं ते कळलं नाही, पण सगळे टाळ्या वाजवताहेत म्हणून त्यांनीही वाजवल्या.

ज्ञानदेव थांबला. कोरम झाला होता. गाव होतं तेव्हा जो भरला नाही, तो गाव गेल्यावर भरला होता.

"थांबलास का?" तात्याराव म्हणाले. त्यांचे डोळे हसत होते. "मोज की. सगळी मोज."

ज्ञानदेव पुन्हा निघाला. दोनशेच्या पुढं त्याचा घसा बसला, तरी तो मोजतच होता. शेवटच्या ओळीपाशी गाडीला टेकलेला शंभू एकटाच उभा राहिला होता. पंचक्रोशी बसलेली आणि आपण तेवढे उभे, हे फार विचित्र दिसतं. शंभूलाही ते कळलं असावं. त्यानं पुडी खिशात घातली, गाडीच्या सीटवरचा टॉवेल ओढला, धुळीत अंथरला आणि बसला.

ज्ञानदेव हात उचलून तसाच उभा राहिला. "तात्या, शंभूला धरू का?"

"बसलाय का?"

"बसलाय."

"मग इचारतोस कशाला?"

शंभूच्या खांद्यावर हात पडला. त्यानं मान वर केली नाही.

दुसरा विषय आधी घेतला. त्यावर बोलणं पुष्कळ झालं, भांडण कमी. ओढ्यात कोणी काय लोटलं हे सगळ्यांना ठाऊक असल्यानं एकमेकांकडे बोट दाखवायची सोय नव्हती. दर रविवारी घरटी एक माणूस, असं ठरलं. नम्रता उठली आणि भिंतीचा पात्रात आलेला भाग सोसायटी स्वतः काढून घेईल असं तिनं सांगितलं. मागून दोघंतिघं कुरकुरले, तेव्हा तिनं तळघरातल्या पाण्याची आठवण करून दिली. वासंतीनं कामाच्या पाळ्या लावायचं अंगावर घेतलं. शेवटी खाली बघतच शंभू म्हणाला, की त्याचा जेसीबी आठवडाभर रिकामाच आहे. गाव करील ते राव काय करील, असं कोणीतरी मोठ्यानं म्हणालं आणि ठराव झाला. हात मोजायची गरज पडली नाही.

मग तात्यारावांनी पहिला विषय वाचला. उंबरखोरे गाव शहरात समाविष्ट करण्यास हरकत घेणेबाबत.

लोक हसले. मायेनं हसले. कोणी म्हणालं, तात्या, आता कसली हरकत, सात वर्षं झाली. कोणी म्हणालं, खोडून टाका तो विषय, आजच्या दिवशी सभा संपवून मोकळे व्हा. तेही खरंच होतं. शहराचं पाणी प्यायला लागून, शहराचे दिवे लागून जमाना झाला होता. योगेशनंही मान हलवली. सगळे तात्यारावांकडे बघत होते. त्यांनी कागदाची सावकाश घडी घातली आणि टोपी सारखी केली.

"येवढा मोठा विषय दिवस मावळताना घाईघाईत घ्यायचा नसतो," ते म्हणाले. "विषय क्रमांक एक. पुढल्या सभेपतोर तहकूब."

एक क्षण कोणाला काही कळलं नाही. मग शंभूनं मान वर केली. पहिल्यांदा हसला तो शंभूच, आणि मग सगळा पार हसू लागला. तात्याराव तेवढ्यात उठले, चपला पायांत सरकवल्या आणि घराकडे चालू लागले. आभार नाहीत, समारोप नाही. कल्याणी त्यांच्या ताठ पाठीकडे बघत राहिली. तिला वाटलं, कोट तेवढा राहिला.

अंधारून आलं तशी माणसं आपापलं बसायचं उचलू लागली. लाल खुर्च्या ओढ्यापलीकडे परत निघाल्या. घरी आल्यावर मथुराबाईंनी गोधडी दारात झटकली, घडी घातली आणि माळ्यावर टाकायला योगेशला हाक मारली.

तात्याराव आतून म्हणाले, "वर टाकू नगा. खालीच ऱ्हाऊ द्या. लागंल."